ओ न देणारा पत्ता

आमच्या ऑफिसात किती यंत्रं नेटवर्कला जोडलेली आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नव्हतं. इथे गुजरातेत, बाजव्याच्या रस्त्याला आमची कंपनी आहे. आसपासच्या कारखान्यांतले व्हॉल्व्ह आणायचे, खोलायचे, दुरुस्त करून परत धाडायचे, असा धंदा. मी डिस्पॅचला बसते. व्हॉल्व्ह आत आला की गेटपास माझा, बाहेर गेला की गेटपास माझा. एक बोल्ट इकडचा तिकडे झाला की सगळे माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात, "नलिनीबेन, आ शुं छे?" पण भिंतीतून कुठली वायर कुठे जाते हे विचारायला इतक्या वर्षांत कोणी फिरकलं नव्हतं. आमचे मालक मयंकभाई भले गृहस्थ. त्यांचं एकच धोरण, चाललंय ना, मग हात लावू नका.

मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने कळवलं, की तुमच्या नेटवर्कवर काय काय जोडलंय ते सगळं तपासून सांगा, नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला देऊ. मयंकभाईंची झोप उडाली आणि त्यांनी केयूरला बोलावलं.

केयूर आपल्यातलाच निघाला. आजोबा रेल्वेत होते, घर प्रतापनगरच्या बाजूला. तिशीतला, दाढी नीट कोरलेली, पाठीवर लॅपटॉपची बॅग. घरी मराठी, बाहेर गुजराती आणि लॅपटॉपशी इंग्रजी, असा त्याचा कारभार. माझ्या टेबलावर गेटपासच्या शेजारी मराठी पंचांग दिसलं तसा लगेच काकू म्हणायला लागला. मला काकू म्हणणारी माणसं ऑफिसात कोणी नाहीत, सगळ्यांची मी बेन. त्यामुळे मीही जरा विरघळलेच.

"तू नक्की काय शोधणार?" मी त्याला विचारलं.

"पत्ते, काकू. प्रत्येक मशीनला नेटवर्कमध्ये एक पत्ता असतो, आकड्यांचा. आता असं समजा की सोसायटी आहे. लोकं राहताहेत, पण एका दारावर पाटी नाही आणि वॉचमनला विचारलं तर तो सांगतो, मी तर कालच आलो ने. मी काय करणार, एकेक दार ठोकणार. जो दार उघडेल त्याचं नाव विचारणार."

"आणि जो उघडणार नाही?"

"त्याच्यासाठी दुसरे उपाय आहेत ने," तो हसून म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात त्याने ऑफिसची अब्रू वेशीवर टांगली. एका पत्त्यावर प्रिंटर सापडला, तोही कुलूपबंद स्टोअरमध्ये. त्याचं बटण कपाटाच्या मागे गेलेलं, त्यामुळे तो बिचारा कित्येक वर्षं चालूच होता. दुसऱ्या पत्त्याचा माग काढत गेले तर प्लायवुडच्या भिंतीमागे अंगठा लावायचं जुनं हजेरीचं यंत्र. भिंत घालणाऱ्या सुताराने ते काढायचेही कष्ट घेतले नव्हते. अकाउंट्सवाल्यांनी ट्रेनिंगसाठी म्हणून घेतलेला टीव्ही सापडला, ज्यावर क्रिकेटखेरीज कसलंही ट्रेनिंग झाल्याचं मी पाहिलेलं नाही. मयंकभाईंच्या केबिनमधला एसीसुद्धा यादीत आला. तो इंटरनेटला जोडलाय हे खुद्द मयंकभाईंना माहीत नव्हतं. रोज काहीतरी नवीन निघायचं आणि सगळे खो खो हसायचे. मीही हसायचे. पण अजून ठोकायच्या राहिलेल्या दारांत एक दार माझं होतं.

आता हे सांगायला हवं.

माझे यजमान, मुकुंद. मी त्यांना अहो म्हणते, त्यामुळे हे नाव लिहितानाही दुसऱ्याच कोणाचं वाटतं. आयुष्यभर कोयलीकडच्या एका प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटला होते. रिटायर झाल्यावर वर्षभराने एका सकाळी दाढी करता करता हातातलं रेझर बेसिनमध्ये पडलं आणि त्यामागोमाग हे खाली बसले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. उरला एकच शब्द, बा. हो म्हणायचं तर बा, नको म्हणायचं तर बा, आणि मोठ्याने बा म्हणजे संताप. डोकं मात्र लख्ख. डाव्या हाताने पेपर धरून वाचायचे, आणि मी कोणाला फोनवर खोटं सांगितलं की भुवई वर करून बघायचे.

मी नोकरी का सोडली नाही असं ज्यांना विचारायचं असेल त्यांनी महिनाभर आमच्या घरी राहून बघावं. दिवसा बघायला कोमल यायची. गुजराती मुलगी, हाताची हलकी आणि स्वभावाची शांत. ह्यांना दादा म्हणायची आणि मला काकी, हे नातं कसं बसतं ते तिलाच ठाऊक. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. पण मी उंबरा ओलांडला की हे दाराकडे डोळे लावून बसायचे. जेवण समोर आलं की तोंड मिटून घ्यायचे. संध्याकाळी मी सुभानपुऱ्याच्या स्टॉपवर उतरून घरी पोचेपर्यंत नुसते तळमळत असायचे आणि मी दिसले की पदर मुठीत धरून ढसाढसा रडायचे. सगळ्या संसारात 'भाजी बरी झालीय' यापलीकडे ज्या माणसाने गोड शब्द काढला नाही, तो माणूस. मला आधी भीती वाटली, मग राग आला, आणि मग कळलं की माझ्यावाचून ह्यांचा जीव राहत नाही. हे कळायला अर्धांगवायू व्हावा लागला, याचंही रडू आलं.

आमची लेक रसिका कॅनडात असते. ती सुट्टीवर आली तेव्हा चार दिवस हे सगळं बघून बाजारात गेली आणि लिंबाएवढा एक कॅमेरा घेऊन आली. तो माझ्या ऑफिसच्या टेबलावर, स्टेपलर आणि पंचिंग मशीनच्या मधे, माझ्याकडे तोंड करून. आणि घरी ह्यांच्या पलंगासमोर एक टॅब, जो दिवसभर बंद होणार नाही असा. ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड चहावाल्यालासुद्धा पाठ होता, त्यामुळे जोडायला कोणाला विचारावं लागलं नाही.

त्या दिवसापासून हे जेवायला लागले. माझी दुपारची सुट्टी झाली की मी कँटीनला न जाता टेबलावरच डबा उघडायचे. पहिला घास उचलून कॅमेऱ्यापुढे धरायचा, तिकडे हे तोंड उघडायचे आणि कोमल भरवायची. मी भाजी दाखवायचे. कारलं असलं तर तोंड वाकडं करायचे, आणि कोमल सांगायची, दादा हसले. ऑफिसातल्या बायकांना वाटायचं नलिनीबेनला शिंगं फुटली, आपल्याबरोबर जेवत नाहीत. वाटू दे. मला हे दिसत नसत. कॅमेऱ्यावर एक निळा ठिपका होता, तेवढाच दिसायचा. तो ठिपका पेटलेला आहे म्हणजे हे माझ्याकडे बघताहेत, असं माझं गणित होतं. येता जाता मी त्याच्याशी हळूच बोलायचेही, तक्रारीच बहुतेक.

तर अशा परिस्थितीत केयूर दारं ठोकत ठोकत माझ्या दिशेने येत होता.

एकदा चहाच्या वेळी तो माझ्याच टेबलाशी उभा राहून मयंकभाईंना सांगत होता, "काही पत्ते फार आडमुठे आहेत. हाक मारली तरी ओ देत नाहीत. आहेत हे दिसतं, ये-जा चालू आहे, पण कोण आहेत ते सांगत नाहीत. वायर असती तर धरून गेलो असतो. वायफायवाल्यांचं काय करणार?"

"पछी?" मयंकभाईंनी पुढचं विचारलं.

"बंद करायचं आणि गप बसायचं. ज्याचं असेल तो बोंबलत येईल. आमच्या लाइनीत सगळे असंच करतात. कोणी आलंच नाही तर समजायचं की त्याची कोणाला गरज नाही."

मयंकभाईंना ही युक्ती भलतीच आवडली. "जेनुं हशे ए बूमो पाडतो आवशे!" असं म्हणून ते हसत हसत केबिनमध्ये गेले. दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत होते.

कॅमेरा त्या दोघांपासून हातभर अंतरावर होता. त्याच्या पाठीशी, त्यांच्या बाजूने, मी गेटपासचं पुस्तक उभं करून ठेवलं होतं. केयूर एकटा राहिला तेव्हा सांगावं असं फार वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण गिऱ्हाइकाच्या अटींमध्ये पहिलीच अट अशी होती की बाहेरचा कॅमेरा ऑफिसात नको. मी सांगितलं असतं तर केयूरला तो काढायलाच लागला असता, त्याचा इलाज नव्हता. मग मी माझा एक हिशेब केला. त्याने बंद केलं की निळा ठिपका विझेल. विझला की मला तत्क्षणी दिसेल, माझ्या नाकासमोरच आहे तो. मग मी ओरडत जाईन, मयंकभाईंच्या पाया पडायची वेळ आली तरी पडेन. तोवर जेवढे दिवस मिळतील तेवढे ह्यांचे.

रात्री ह्यांना भरवताना मी थट्टेत म्हटलं, "तुमचा टीव्ही बंद पडायची लक्षणं आहेत हां. आता दुसरी हिरॉइन शोधा."

"बा!" हे ओरडले. डाव्या हाताने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "अहो, चेष्टा केली. कुठे जातेय मी?" तरी बराच वेळ हात सोडला नाही. सगळ्या शरीराची ताकद त्या एका हातात येऊन बसली होती. मनगट दुखत होतं, पण मीही सोडवून घेतलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती सकाळ आली. आदल्या रात्री ह्यांच्या पायात सारखे गोळे येत होते, त्यामुळे आम्हा दोघांनाही झोप नव्हती. मी कशीबशी आवरून ऑफिस गाठलं. आल्याबरोबर कॅमेऱ्याला हात केला आणि कामाला लागले. जरा वेळाने गेटवर मोठा ट्रक लागला. कागद आणि माल जुळेना, म्हणून मी ऊन डोक्यावर घेत बराच वेळ ट्रकपाशी उभी होते. फोन ड्रॉवरमध्ये होता. गेटवर फोन न्यायचा नाही हा आमचा नियम, कारण तिथे तेलाची पिंपं असतात. परत आले तर निळा ठिपका आपला शांतपणे पेटलेला. मला हायसं वाटलं. "ड्रायव्हरने डोकं खाल्लं माझं," मी त्याला सांगितलं.

जेवायच्या वेळी फोन बघितला तर कोमलचा मिस्ड कॉल. मी उलटा लावला, तिने उचलला नाही. भरवताना ती फोन घेत नाही, मीच तसं सांगून ठेवलं होतं. म्हणजे ताट वाढलं असणार, हे माझी वाट बघत असणार. मी घाईघाईने डबा उघडला. मेथीची भाजी होती, ह्यांची आवडती. मी पोळीचा तुकडा मोडला, भाजी घेतली, कॅमेऱ्यापुढे धरली. ह्यांना तोंड उघडून भरवून घ्यायला वेळ लागतो, म्हणून दर घासाला थांबत थांबत जेवले. शेवटी डब्याचं रिकामं झाकण दाखवलं आणि बोट नाचवून विचारलं, तुम्ही संपवलं का?

डबा धुऊन येते तोच केयूर समोर. चेहरा परीक्षा संपलेल्या पोरासारखा.

"काकू, आटपलं! सगळे पत्ते क्लिअर. तीन राहिले होते, ते आज सकाळी आल्या आल्याच बंद करून टाकले. दुपार झाली, कोणी ओरडलं नाही. मयंकभाईंना सांगून आलो."

मी आधी ठिपक्याकडे बघितलं. पेटलेला होता. म्हणजे त्या तिघांत माझा नव्हता. देवाला मनातल्या मनात पेढे कबूल करून टाकले. तरी जीव राहवेना.

"कसले होते रे ते तीन?"

"एक जुना फोन असणार कोणाचा तरी. एक माहीत नाही. आणि एक बहुतेक कॅमेरा. पत्त्यावरून बनवणारी कंपनी कळते ने, ती कॅमेरेच बनवते. पण ऑफिसभर फिरलो, कॅमेरा कुठे दिसला नाही."

मी गेटपासचं पुस्तक बाजूला केलं.

केयूर बघतच राहिला. मी म्हटलं, "हा तर चालू आहे. दिवा बघ ना. निळा आहे. तू बंद केलास तो दुसरा असेल."

"काकू," तो वाकून बघत म्हणाला, "हा दिवा वायफायचा आहे. त्याने आपलं वायफाय धरून ठेवलंय, एवढंच सांगतो तो. बाहेर जायचा रस्ता मी सकाळीच बंद केलाय. ह्याचं चित्र सकाळपासून कुठेच जात नाहीये. कोण बघतं हे?"

मी उत्तर द्यायच्या आधी फोन वाजला. कोमल होती. रडण्यातून मला दोनच शब्द कळले, "जल्दी आवो."

केयूरनेच मला त्याच्या गाडीतून आणलं. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं असावं, कारण गोरवा यायच्या आधीच तो एका हाताने डोळे पुसत चालवत होता. मी रडत नव्हते. मी त्याला सांगत होते की डावीकडून घाल, तिकडे ट्रॅफिक कमी असतं.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिन्याच्या मधल्या वळणावर माणसं जमली होती, त्यांनी मला वाट करून दिली. हे तिथे होते. कोणीतरी डोक्याखाली उशी दिली होती. एकशेआठची माणसं आली होती, पण ती आता काही करत नव्हती, नुसती बाजूला उभी होती. त्यावरून मला समजलं.

ह्यांच्या अंगात शर्ट होता. अर्धाच. लुळा हात बाहीत घातलेला आणि डावी बाही मागे लोंबत होती. फिजिओथेरपीवाला कानीकपाळी ओरडायचा, काका, निकामी हात आधी घाला, मग चांगला. हे कधी ऐकायचे नाहीत, रोज सकाळी त्यावरून आमचं वाजायचं. आज एकट्याने घालायचा होता तर बरोबर घातला होता. बनियनवर घराबाहेर पडणं ह्यांना आयुष्यात पसंत नव्हतं.

घाई असताना दुसरी बाही घालायला कोण थांबतं?

"काकी, दादा सवारथी बूमो पाडता हता," कोमल माझ्या पायाशी बसून सांगत होती. सकाळपासून ओरडत होते. टॅबकडे हात करत होते, तिच्या ओढणीला धरून ओढत होते, दाराकडे बोट दाखवत होते. तिने टॅब बघितला. काकी टेबलावर डोकं ठेवून झोपलेल्या दिसल्या. तिने ह्यांना समजावलं, "काकी तो सूई गयां छे, दादा. राते जागेलां ने." हे तिच्यावर आणखीच ओरडले. शेवटी ह्यांची समजूत पटावी म्हणून तिने ह्यांच्यासमोर बसून मला फोन लावला. बघा हां, आता काकी उठतील आणि फोन घेतील. दोघेही टॅबकडे बघत होते. रिंग वाजत राहिली. टॅबमधली मी हलले नाही.

"पछी दादा चूप थई गया," कोमल म्हणाली. मग हे अगदी गप्प झाले. घास घेतला नाही, पाणी घेतलं नाही. पुढे एकदम पलंगावरून उतरायला लागले. तिला आवरेनात, म्हणून ती खालच्या मोहनाबेनना बोलवायला धावत गेली. माझा फोन आला तेव्हा ती मोहनाबेनच्या दाराची बेल वाजवत होती आणि तिचा मोबाइल वर स्वयंपाकघरात होता. तेवढ्यात तिला जिन्यावरून आवाज आला.

म्हणजे मी कॅमेऱ्याला मेथीची भाजी दाखवत होते तेव्हा.

घरात जाऊन मी टॅब बघितला. त्यात मी होते. डोकं टेबलावर, चेहरा एका बाजूला, तोंड किंचित उघडं. एक हात टेबलावरून खाली लोंबत होता. सकाळी ऑफिसात आल्यावर दोन मिनिटं डोकं टेकलं होतं, पेंग आली म्हणून. मला आठवतही नव्हतं. उठून मी तोंडावर पाणी मारलं होतं, चहा घेतला होता, ट्रकवाल्याशी भांडले होते. टॅबमधली मी उठलेच नव्हते. कोपऱ्यात एक छोटं चक्र तेवढं फिरत होतं.

"हे असं का दिसतंय?" मी केयूरला विचारलं.

"बंद केलं तेव्हा जे शेवटचं चित्र होतं," तो म्हणाला, "ते तसंच राहतं, काकू." एवढं बोलून तो भिंतीला टेकून खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. मी चिडण्यात कोणाला हार जाणारी नाही, सगळं ऑफिस सांगेल. पण त्याच्यावर मला चिडता येईना. त्याने हाक मारली होती. ओ द्यायला वाचा असलेलं माणूस त्या पत्त्यावर नव्हतं, हे त्याला कुठून कळणार? मी टॅबकडे बघत राहिले. खरं सांगते, मला ते चित्र कोणी दाखवलं असतं तर मीही म्हटलं असतं की ही बाई गेलेली आहे. कोणीही म्हटलं असतं. आणि ह्यांना तर विचारता येत नव्हतं, की अहो जरा जाऊन बघता का, माझी बायको अशी का पडलीय, तिच्या आसपास माणसं असून कोणी तिला हात का लावत नाही. बा. एवढाच शब्द होता त्यांच्याजवळ.

रसिकाला फोन केला तो कसा केला ते मला आठवत नाही. तिला मी चित्राचं सांगितलं नाही. कॅमेरा तिने आणला होता.

संध्याकाळी ह्यांना पोचवून माणसं परतली. घर भरलं होतं. मयंकभाई येऊन हात जोडून बसून गेले. बायका माझ्याभोवती बसल्या होत्या, कोणी चहा पुढे करत होतं, कोणी पाठीवर हात ठेवत होतं. रात्री सोबतीला कोण राहणार याची कुजबुज चालली होती. मला एकटीला क्षणभर सोडायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलेलं दिसत होतं. ह्यांच्या आत्या इंदिराबाई माझा हात हातात घेऊन बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेली बाई, स्वतः तरुणपणीच सगळं भोगून बसलेली. त्या म्हणाल्या, "बाईने अहेवपणी, नवऱ्याच्या आधी जावं असं म्हणतात, नलिनी. माझ्या नशिबात ते नव्हतं, आणि तुझ्याही नव्हतं."

"आत्या, मी अहेवच गेले," मी म्हटलं. "ह्यांच्या डोळ्यांदेखत."

आत्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. "असं बोलू नये गं," असं म्हणत त्यांनी मला जवळ ओढलं, दुसऱ्या बाजूने कोणीतरी खांद्याला धरलं, आणि कोणीतरी पाणी आणायला उठलं. मी कोणाला काही समजावत बसले नाही. सकाळपासून दुपारपर्यंत हे विधुर होते, आणि त्यांच्याजवळ येऊन बसायला कोणीसुद्धा नव्हतं.